'म्हणे' आणि मयसभा

महाभारताच्या सभापर्वात मयासुराने बांधलेल्या सभेची कथा आहे. खांडववनाच्या आगीतून अर्जुनाने आपला जीव वाचविला, त्या उपकाराची फेड म्हणून या असुर-शिल्प्याने चौदा महिने खपून पांडवांसाठी ती सभा उभी केली. पुढे दुर्योधन तेथे आला. स्फटिकाच्या भूमीला पाणी समजून त्याने वस्त्रे सावरून धरली आणि पाण्याला भूमी समजून तो वस्त्रांसकट त्यात पडला. भीम हसला, चाकर हसले, आणि त्या हसण्याची किंमत पुढे अठरा अक्षौहिणींनी मोजली. या प्रसंगी द्रौपदीने काढलेले 'आंधळ्याचा पुत्र आंधळाच' हे उद्गार आपणां सर्वांना पाठ असतात. पण ते व्यासांच्या ग्रंथात नाहीत. मागाहून कोणा कथेकऱ्याने ते तिच्या तोंडी घातले आणि आता ते तेथून निघता निघत नाहीत. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. तिच्याकडे मला पुन्हा यावे लागणार आहे.

तूर्त मला दाखवायचे आहे ते निराळेच. दुर्योधन येण्याच्या पुष्कळ आधी, सभेचे नुसते वर्णन चालू असतानाच, व्यास सांगून जातात की तेथील रत्नखचित पुष्करिणीपाशी आलेले काही राजे ती डोळ्यांनी पाहूनही ओळखू शकले नाहीत आणि तीत पडले. आम्हां कारकुनांच्या भाषेत सांगायचे तर तक्रार आधीच दप्तरी दाखल होती. एक दुर्योधनच मत्सराने आंधळा झाला होता असे नव्हे. ज्यांच्या मनात काही मत्सर नव्हता असे पाहुणेही तेथे पडतच होते. तरी कोणी त्या पुष्करिणीला कठडा बसविला नाही, की पाण्याच्या कडेला एक पणती ठेविली नाही. आपल्याकडे या कथेचा विचार नेहमी दुर्योधनाच्या गर्वाच्या अंगाने होतो. मला मात्र पुष्कळ दिवसांपासून वाटत आले आहे की येथे शिल्प्यालाही एक प्रश्न विचारला पाहिजे. भास उत्पन्न करणे हा काही अपराध नव्हे. सगळी कला तेच करते. पण भास कोठे सुरू होतो याची खूण पुसून टाकण्याचा अधिकार शिल्प्याला आहे काय?

हा प्रश्न आज विचारण्यास एक निमित्त झाले आहे. माझा एक मामेभाऊ, वयाने माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान, पुण्यातील बरी नोकरी सोडून सध्या आमच्या जबलपूरच्या क्वार्टरमध्ये मुक्कामाला आहे. त्याने दोन मित्रांसह एक नवोद्योग काढला आहे. आजच्या बोलीत स्टार्टअप. त्यांचे अ‍ॅप भ्रमणध्वनीत घालायचे, भ्रमणध्वनी डोळ्यांसमोर धरायचा, आणि समोरच्या खऱ्याखुऱ्या किल्ल्यावर, घाटावर, चौकात त्या जागेची गोष्ट घडताना पाहायची, अशी ही कल्पना आहे. या प्रकाराला 'मिश्र वास्तव' म्हणतात. मिल्ग्रॅम आणि किशिनो या दोघा संशोधकांनी १९९४ साली एका निबंधात या शब्दाची व्याख्या केली: एका टोकाला निखळ वास्तव, दुसऱ्या टोकाला निखळ आभास, आणि मधल्या पट्ट्यात दोहोंची सरमिसळ. यंत्राची रीत समजायला कठीण नाही. कॅमेरा समोरच्या दृश्यातील कोपरे, कडा, डाग अशा शेकडो खुणा हेरतो. हात किती हलला, किती वळला हे आतली सूक्ष्म उपकरणे सांगतात. या दोहोंच्या मेळातून यंत्राला कळते की आपण नेमके कोठे उभे आहोत, आणि मग काढलेले चित्र त्या जागेला असे खिळवून ठेवता येते की आपण भोवती फिरलो तरी ते हलत नाही.

गंमत अशी की या यंत्राला सर्वांत जास्त चकवा देतात त्या वस्तू म्हणजे काच, आरसा आणि वाहते पाणी. तेथे स्थिर खुणा सापडत नाहीत, प्रतिबिंबे सापडतात, आणि यंत्र खोलीचा अंदाज चुकते. भेडाघाटला नर्मदेवर पहिली चाचणी झाली तेव्हा संगमरवरी कड्यावर बसविलेला देव पाण्यावर तरंगू लागला. भाऊ वैतागला, मला मात्र पाण्याला भूमी समजणाऱ्या त्या कुरुराजाची आठवण होऊन हसू आवरले नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मराठी माणसाला गोष्ट सांगण्याची आणि ऐकण्याची हौस जुनी आहे, आणि आपल्या प्रत्येक कथाप्रकाराने स्वतःला एक उंबरठा घालून घेतला आहे. श्रावणातील कहाणी आटपाट नगरात सुरू होते. ते नगर कोणत्या जिल्ह्यात आहे असे कोणी विचारीत नाही. 'सुफळ संपूर्ण' म्हटले की हातातल्या अक्षता देवावर पडतात आणि बायका स्वयंपाकघराकडे वळतात. कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करतो, मग उत्तररंगात आख्यान लावतो, आणि शेवटी आरती होऊन बुक्का लागला की श्रोता घरी जायला मोकळा. नाटकात सूत्रधार येऊन आज काय दाखविणार हे सांगतो. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर चित्रकथी तर पोथीतील एकेक चित्र हाताने उचलून पुढे धरतात. चित्र धरणारा हात सबंध वेळ दिसत असतो. याच परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी हा शब्द प्रथम ऐकला असेल. तो दिसणारा हात ही कलेतील उणीव आहे असे मला कधीच वाटले नाही.

यंत्र आले म्हणून हा उंबरठा नाहीसा झाला असेही नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी आणि त्यांच्या मुलांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८९२च्या सुमारास, 'शांबरिक खरोलिका' या नावाने खेळ सुरू केले. शंबर हा मायावी असुर; त्याच्यावरून शांबरी म्हणजे इंद्रजाल, आणि खरोलिका म्हणजे दिवा. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर मोठी करायची, ती अशा युक्तीने सरकवायची की पात्रे हालचाल करताहेत असे दिसावे, आणि शेजारी उभे राहून निवेदन करायचे, असा तो खेळ. लोक थक्क होत. पण खेळाच्या नावातच खेळाची कबुली होती. 'जादूचा दिवा' असे सांगूनच जादू दाखविली जात होती.

दादासाहेब फाळके यांच्याविषयी तर या संदर्भात स्वतंत्र लेख लिहिता येईल. आम्हां सरकारी नोकरांना त्यांचे कौतुक जरा असूयेनेच वाटते, कारण पुराणवस्तू खात्यातील नोकरी त्यांनी वंगभंगाच्या चळवळीच्या काळात सोडून दिली. त्यांनी पूर्वी जादूचे प्रयोगही केले होते, आणि तेही स्वतःचे आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने. जादूगार हा जगातील सर्वांत प्रामाणिक फसविणारा म्हटला पाहिजे. कारण तो फसविणार आहे हे तिकिटावरच छापलेले असते. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यात तारामती झालेले साळुंके यांनी पुढे १९१७च्या 'लंकादहना'त राम आणि सीता ही दोन्ही कामे एकट्याने केली. पडद्यावर राम दिसताच लोक पायांतील वहाणा काढीत, म्हणे. याला कोणी भाबडेपणा म्हणेल. मी म्हणणार नाही. दिवे लागल्यावर तेच लोक त्या वहाणा पायांत घालून घरी जात होते, आणि पडद्याला नैवेद्य दाखविण्यास कोणी आले होते असे माझ्या वाचनात नाही. विशेष म्हणजे त्याच १९१७ साली फाळक्यांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारा एक लघुपट काढला. त्यात ते स्वतः नटांना सूचना देताना आणि फिल्म तपासताना दिसतात. आपल्याच जादूची पेटी लोकांपुढे उघडून दाखविणारा मनुष्य आपला प्रेक्षक कमी होईल या भीतीने ग्रासलेला नव्हता.

यावर भावाचा आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. तो म्हणतो, "दादा, तुझा उंबरठा म्हणजे रसभंग. माणूस गोष्टीत बुडाला पाहिजे. पायरी लागली की तो जागा होतो." आपल्या काव्यशास्त्राने या आक्षेपाचा विचार हजार वर्षांपूर्वी केला आहे. श्रीशंकुकाचा चित्रतुरगन्याय प्रसिद्ध आहे. त्याचे मूळ लेखन आज उपलब्ध नाही, अभिनवगुप्ताच्या चर्चेतून ते कळते. भिंतीवर काढलेला घोडा पाहून आपण 'हा घोडा' असे म्हणतो. पण ते ज्ञान खरे नव्हे, खोटे नव्हे, संशयाचे नव्हे आणि नुसत्या साम्याचेही नव्हे. रंगभूमीवरचा राम हा असाच. अभिनवगुप्ताने शंकुकाचे मत खोडून काढले हे खरे, पण नाट्यातील प्रतीती ही व्यवहारातल्या प्रतीतीहून निराळी आहे हे त्यालाही मान्यच आहे. म्हणजे रसाला लागते ती फसगत नव्हे, ही चौथ्या-पाचव्या जातीची विलक्षण जाणीव लागते. चित्रातला घोडा भिंतीवर असतो म्हणून आपण त्याच्यावर निर्धास्तपणे प्रेम करतो. तोच घोडा उद्या तबेल्यात खऱ्या घोड्यांच्या रांगेत बांधला आणि मोतद्दार त्याला चंदी घालू लागला, तर त्याला रसिक म्हणावे की फसलेला?

तबेल्यात घोडा बांधण्याचा प्रयोग जगाने करून पाहिला आहे. २०१६च्या जुलैमध्ये 'पोकेमॉन गो' हा खेळ परदेशांत सुरू झाला. भ्रमणध्वनीतून पाहिले की रस्त्यात, बागेत काल्पनिक प्राणी दिसत आणि ते पकडायचे असत. मुले घराबाहेर पडली, चालू लागली, हे त्याचे पुण्य मी नाकारीत नाही. पण हे प्राणी ऑशविट्झच्या स्मारकातही दिसू लागले आणि वॉशिंग्टनच्या ज्यू-संहार संग्रहालयातही. दोन्ही ठिकाणच्या व्यवस्थापकांना येथे हा खेळ नको असे सांगावे लागले. आपल्याकडे खेळातील अंडी देवळांत आढळतात या तक्रारीवरून त्याच वर्षी गुजरात उच्च न्यायालयाने नोटीस काढली. खेळ बनविणाऱ्यांच्या मनात कोणाचा अपमान करण्याचे नव्हते हे उघड आहे. त्यांनी नकाशावर ठिपके टाकले. त्या ठिपक्यांखाली काय आहे हे नकाशाने त्यांना सांगितले नाही. मयासुराच्या मनात तरी कोणाला बुडविण्याचे होते असे कोठे म्हटले आहे?

आता जबलपूर. येथे बदली होऊन आलेल्या प्रत्येक मराठी गृहस्थाला ठाऊक आहे की पाहुणा आला की त्याला भेडाघाटला न्यावेच लागते. माझी ही वारी कितवी, याचा हिशेब मी ठेवणे सोडून दिले आहे. तथापि एका गोष्टीचा मला कधी कंटाळा आला नाही, ती म्हणजे पंचवटी घाटावरून निघणाऱ्या नावेतील नावाड्याचे बोलणे. संगमरवरी कड्यांमधून नाव जाते आणि नावाडी वल्हे मारता मारता, अर्धे यमकांत आणि अर्धे थट्टेत, त्या दगडांची गोष्ट सांगत राहतो. हा नंदी पाहा, ही गाडी पाहा, येथे अमुक चित्रपटातील नटी बसली होती, आणि ही बंदरकुदनी, येथे दोन्ही कडे इतके जवळ होते की माकडे इकडून तिकडे उडी मारीत. वर तेवर गाव आहे. कलचुरींची त्रिपुरी ती हीच. त्रिपुरासुराची नगरी तीच असेही लोक सांगतात, आणि पुराणांत त्रिपुर बांधणारा कोण, तर हाच आपला मय! दगडाचा दगडपणा जराही न लपविता नावाडी त्याच्यात नंदी दाखवितो. प्रवाशाला दोन्ही दिसतात, दगडही आणि नंदीही. मिश्र वास्तव म्हणतात ते यापेक्षा निराळे काय असते? फरक एकच, नावाडी दर तिसऱ्या वाक्याला 'कहते हैं' म्हणतो.

मराठीत आपण त्याला 'म्हणे' म्हणतो. या शब्दाकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. 'म्हणणे' या क्रियापदाचे हे जुने रूप. त्याला कर्ता नाही. कोण म्हणे, ते सांगायचे नसते. पण तो वाक्याच्या शेवटी येऊन बसला की बोलणारा ऐकणाऱ्याला एका क्षणात तीन गोष्टी सांगून टाकतो: हे मी पाहिलेले नाही, मी यास जामीन नाही, तरी हे ऐकण्यासारखे आहे. एवढी मोठी नैतिक व्यवस्था दोन अक्षरांत बसविलेली दुसऱ्या कोणत्या भाषेत असेल तर तिचे मला कौतुक वाटेल. द्रौपदीच्या त्या उद्गाराचे हेच झाले. एखाद्या कथेकऱ्याने प्रथम ते सांगितले तेव्हा त्याच्याजवळ 'म्हणे' असेल; शतकांच्या प्रवासात ते गळून पडले आणि एका स्त्रीच्या माथी युद्धाचे खापर कायमचे चिकटले. शब्दाजवळ 'म्हणे' होते तरी ते हरवले. चित्राजवळ ते मुळातच नसते. चित्र केवळ असते. त्यातून समोरच्या खऱ्या भिंतीला खिळवून ठेवलेले, आपण फिरलो तरी न हलणारे चित्र तर शपथेवर साक्ष देणाऱ्यासारखे उभे राहते.

याचे एक उदाहरण आमच्या घरातच घडले. मदनमहालाची टेकडी जबलपुरात कोणाला ठाऊक नाही? गोंड राजांची ती चौकी. राणी दुर्गावतीचे नाव तिच्याशी जोडले गेले आहे. राणी २४ जून १५६४ रोजी आसफखानाशी लढताना बाणांनी घायाळ झाली आणि शत्रूच्या हाती जिवंत सापडू नये म्हणून तिने स्वतःचा अंत करून घेतला, हे इतिहासात आहे. पण मदनमहालापासून मंडल्यापर्यंत भुयार आहे आणि टेकडीवर कोठे तरी सोन्याच्या विटा पुरलेल्या आहेत, हे लोकांत आहे. भावाने अ‍ॅपच्या पहिल्या नमुन्यात भुयार दाखविले: पायाखालचा दगड सरकतो, पायऱ्या दिसतात, खाली मशाली. फार सुंदर काम होते. मी त्याला विचारले, "राणीचा मृत्यू आणि हे भुयार, दोन्ही सारख्याच रंगांत, सारख्याच ठळकपणे का?" तो म्हणाला, "पाहणाऱ्याला कळते रे." कळते काय? ज्या टेकडीवर खजिन्याची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते तेथे नेमक्या दगडावर बोट ठेवून खाली पायऱ्या दाखविल्यावर, उद्या कोणी पहार घेऊन तेथे आला तर त्या मनुष्याला मूर्ख ठरवून आपण हात झटकायचे काय? पूर्वीच्या त्या राजांना असेच मूर्ख ठरविण्यात आले असणार.

या ठिकाणी माझ्या रूक्ष नोकरीचा त्याला थोडा उपयोग झाला, हे सांगताना मला संकोच वाटतो. पण कारकुनीला कधी नव्हे ते कलेच्या दारी बोलावणे आले, तर ते लपवावे कशाला? टिपण लिहिताना आम्हांला पहिल्या वर्षीच शिकवितात की 'अभिलेखावरून सिद्ध होते', 'असे दिसते' आणि 'असे कळते' ही तीन वाक्ये एकमेकांच्या जागी वापरायची नाहीत. तिसऱ्याच्या जागी पहिले लिहिले आणि वरिष्ठांनी त्यावर सही केली तर एखाद्याचे निवृत्तिवेतन अडकते. भावाने ही विभागणी उचलली. आता त्याच्या नमुन्यात जे लेखी पुराव्याने ठाऊक आहे ते भरीव रंगांत येते. जे अंदाजाने मांडले आहे ते नुसत्या रेषांत. आणि जे दंतकथेचे ते पिंगुळीच्या चित्रांच्या धाटणीत, बाजूने चित्र धरणारा एक हात दिसतो अशा रीतीने. भुयार अजून आहे, मशाली अजून आहेत, फक्त ते सारे एका हाताने आपल्यापुढे धरलेले आहे. माझ्या मते ते पूर्वीपेक्षा अधिक मोहक झाले आहे. त्याच्या एका भागीदाराला ते अगदीच आवडलेले नाही.

आणि येथे पैशाचा प्रश्न येतो, जो अशा निबंधांतून बहुधा गाळला जातो. नवोद्योग काढणाऱ्याला दोन श्रोते असतात. एक गोष्ट पाहणारा, दुसरा भांडवल पुरविणारा. आणि दुसऱ्याला सांगायची गोष्ट ही भविष्यकाळाची असते. फाळक्यांनाही हा श्रोता होता. लंडनहून कॅमेरा घेऊन आल्यावर पैसा उभा करण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, तो उगवून वेल होईपर्यंत थोडे थोडे चित्रण करीत राहिले, आणि ते दाखवून लोकांचा विश्वास मिळविला. विम्याची पॉलिसी गहाण पडली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले, सबंध कंपनीचा स्वयंपाक करून रात्री त्या बाई फिल्मला भोके पाडीत बसल्या. हे सर्व झाले, पण जो वाटाणा दाखविला तो त्याच यंत्रातून, त्याच हातांनी घेतलेला होता. याउलट अमेरिकेत फ्लॉरिडामध्ये २०१० साली निघालेल्या 'मॅजिक लीप' या कंपनीने २०१५ साली एक चलच्चित्र प्रसिद्ध केले. कचेरीत बसलेला माणूस हवेत तरंगणाऱ्या यंत्रमानवांवर गोळ्या झाडतो आहे असा तो देखावा. जणू हे आमचे रोजचेच काम. पुढच्या वर्षी वृत्तपत्रांतून उघड झाले की ते चित्रपटांसाठी चमत्कृती तयार करणाऱ्या कारागिरांकडून बनवून घेतलेले होते. दोन अब्ज डॉलरांहून अधिक भांडवल गोळा करून २०१८ साली त्यांचे उपकरण बाजारात आले, तेव्हा ते वाईट नव्हते. ते त्या चित्रासारखे नव्हते, इतकेच. जो मनुष्य आपल्या सावकाराला 'म्हणे' सांगावयास विसरतो तो पुढे प्रेक्षकाला ते सांगेल, असा भरवसा मला वाटत नाही. सवय दोन ठिकाणी निरनिराळी राहत नसते.

इथवर आमचे भावाभावांचे बरेचसे जमले. जेथे जमले नाही ते प्रकरण मालगोदाम चौकाचे आहे, आणि ते मी वाचकांपुढे आहे तसे ठेवतो.

१८ सप्टेंबर १८५७ रोजी जबलपुरात गढामंडल्याच्या गोंड राजवंशातील शंकरशाह आणि त्यांचा पुत्र रघुनाथशाह यांना इंग्रजांनी तोफेच्या तोंडी बांधून उडविले. शंकरशाहांच्या हातची एक कविता सापडली होती. देवीला शत्रूच्या नाशाची विनवणी करणारी. ती पुरावा म्हणून पुढे आली. त्याच रात्री येथील ५२वी पलटण उठून निघून गेली. आज चौकात पितापुत्रांचे पुतळे आहेत, आणि त्यांच्या नावाचे संग्रहालय २०२४ साली शहरात उघडले आहे. भावाला त्या चौकात तोफ दाखवायची आहे. भ्रमणध्वनी वर करावा, रिक्षा आणि फळांच्या गाड्या दिसता दिसता त्यांच्यामध्ये ती उभी राहावी, दोरखंड दिसावेत, आणि मग जे झाले ते व्हावे. त्याचे म्हणणे असे: "रोज हजारो माणसे या पुतळ्यांखालून जातात, दादा. किती जण वर पाहतात? तुझा उंबरठा पुतळ्याला इतका चांगला बसला आहे की आत कोणी जातच नाही. एकदा ज्याने ते पाहिले तो पुन्हा या चौकातून तसा जाणार नाही."

हे बोलणे मला सहज खोडून काढता आलेले नाही. उंबरठा माणसाला सावध करतो तसा तो निवांतही करतो, हे मान्य केले पाहिजे. कित्येकदा आपण इतिहासाला चौकटीत घालतो ते त्याने आपल्या अंगावर येऊ नये म्हणूनच. त्यांनी मुलाला बांधलेले पाहिले असेल, मुलाने बापाला. हे वाक्य मी येथे लिहिले आणि वाचकाने वाचले, आणि आपण दोघेही पुढच्या वाक्याकडे निघालो. शब्दांची ही सोय चित्र देत नाही. भावाला नेमकी तीच सोय काढून घ्यायची आहे.

तरी माझे उत्तर नकाराचेच आहे, आणि त्याची कारणे रसाची नसून माणसांची आहेत. त्या दोघांचे चेहरे आपल्याला ठाऊक नाहीत. जो चेहरा काढला जाईल तो पुण्याच्या एखाद्या चित्रकाराचा असेल, पण तोफेपुढे बांधलेला तो चेहरा पाहणाऱ्याच्या मनात कायमचा शंकरशाह होऊन बसेल. हरिश्चंद्राचे दुःख फाळक्यांनी दाखविले तेव्हा ते साऱ्या भारतवर्षाचे होते, कोणा एका घराचे नव्हते. शंकरशाह मात्र या जिल्ह्यातील, मंडल्यातील, डिंडोरीतील लक्षावधी गोंडांच्या घरातले आहेत. त्यांच्या मृत्यूचा देहासहित देखावा, तोही फळवाल्याच्या गाडीशेजारी, भ्रमणध्वनी असणाऱ्या कोणालाही, कितीही वेळा, मागे फिरवून पुन्हा पाहता यावा, ही परवानगी आम्ही कोणाच्या वतीने देणार? नाटकाला तिकीट काढून जाणारा मनुष्य मनाची तयारी करून जातो. चौकातून शाळेला निघालेले पोर कसली तयारी करून निघते? भावाला मी हे सर्व सांगितले. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "तुझ्या हिशेबाने मग तेथे काय दाखवायचे?"

मी सुचविले ते असे: त्या जागी यंत्राने काहीच काढू नये. भ्रमणध्वनी वर केला की चौक जसा आहे तसाच दिसावा, रिक्षा, गाड्या, पुतळे, माणसे. आणि कानांत फक्त ती तारीख, ती दोन नावे आणि कवितेची हकिगत ऐकू यावी. बाकी सगळ्या ठिकाणी चित्रे दाखविणारे यंत्र येथे दाखवीत नाही, एवढे पाहणाऱ्याच्या ध्यानात आले तर पुरे. तो हसला. रिकामा चौक पाहायला पैसे कोण देईल, हे त्याचे म्हणणे व्यवहाराच्या दृष्टीने बिनतोड आहे.

सध्या त्याच्याजवळ दोन्ही आवृत्त्या तयार आहेत, एक तोफेची आणि एक रिकाम्या चौकाची. भांडवल पुरविणाऱ्यांनी तोफेची मागितली आहे. त्यांना उत्तर पाठविण्यापूर्वी दोन्ही घेऊन तो गोंड समाजातील वडीलधाऱ्या मंडळींकडे जाणार आहे; त्यांना दाखवून, विचारून मग ठरवू, इतके त्याने कबूल केले आहे, आणि बरोबर मीही यावे असा त्याचा आग्रह आहे. येत्या दुसऱ्या शनिवारी कचेरीला सुटी असल्याने तो दिवस ठरला आहे. तोपर्यंत भेडाघाटच्या भागाचे मराठी निवेदन माझ्याकडे लिहावयास दिले आहे. मी त्यात सतरा ठिकाणी 'म्हणे' घातले आहे. प्रत्येकाला अर्धा सेकंद लागतो, अशी त्याची तक्रार आहे.